दगादोरा

शेळगाव, ८ फेब्रुवारी १९९८

सोनबा,

वर 'चिरंजीव' लिहायला घेतलं होतं. तो अधिकार राहिला आहे की नाही ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहितो.

हे कार्ड कामापुरतं आहे. इंदापूरच्या दादासाहेबांना ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी चाळीस कापडी छतं शिवून हवी आहेत, दसऱ्याच्या आत. कापड ते देणार, दोरा आपण आणायचा. अट एकच आहे, शिवण तीन उन्हाळे टिकली पाहिजे. आपल्या शिवण मंडळाच्या अकरा मशिनी पावणेदोन वर्षं गोधड्या पांघरून बसल्या आहेत. बायका शेतावर मजुरीला जातात. हे काम मिळालं तर त्या परत मशिनीवर बसतील.

तू पुण्याला तंबूच्या कारखान्यात सात वर्षं होतास. उघड्यावर, उन्हापावसात राहणाऱ्या जाड कापडाला कोणता दोरा चालतो, तेवढं कळव. बारामतीहून कार्ड दोन दिवसांत येतं.

जागा संपली.

सावळाराम

&nbsp;

शेळगाव, १ मार्च १९९८

सोनबा,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. या वेळी आंतरदेशीय पत्र घेतलं आहे, म्हणजे दोन शब्द जास्त लिहिता येतील आणि टपालवाल्याला वाचायला मिळणार नाही. परवा त्यानेच मला विचारलं, "मास्तर, सोनबाचं काय आलं का हो?"

दोऱ्याचा शोध मी माझ्या परीने घेतला. इंदापूरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चार रिळं पुढ्यात टाकली.

"घ्या मास्तर, नायलॉन."

"यातला पॉलिएस्टर कोणता?"

"सगळं नायलॉनच की."

"तसं नसतं. दोन्ही वेगळे असतात."

"आवो, नायलॉन म्हंजी न तुटणारं. गिऱ्हाईकाला तेवढंच कळतं. तुमी भाषणाला आलाय का दोऱ्याला?"

दुकानातली दोन माणसं हसली. मीही हसलो. पूर्वी मी अशा ठिकाणी उभ्या उभ्या अर्धा तास बोललो असतो, भेसळीपासून सुरू करून थेट दिल्लीपर्यंत. आता बोलायला लागलो की मलाच माझा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. रिळं परत ठेवली आणि एसटीने घरी आलो.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये मी घराच्या पत्र्यावर एक लोखंडी कांब बसवली आणि तिला तीन दोरे बांधले. प्रत्येकाला खाली अर्धी वीट. पहिला, आपण पहिल्या वर्षी वापरलेला मेण लावलेला सुती दोरा. दुसरा, तू पंचाण्णव साली पुण्याहून आणलेल्या दोऱ्यातला शिल्लक. तिसरा, सोलापूरच्या गिरणीतल्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेला. आपल्या मंडळाच्या गोजरबाई खालून बघत होत्या. "मास्तर, विटांना फाशी कशापायी?" म्हणाल्या.

सुती दोरा पावसात कुजला, श्रावणात तुटला. तुझा दोरा दिसायला तसाच पांढरा, तसाच गुळगुळीत होता आणि संक्रांतीच्या आठवड्यात एका सकाळी वीट खाली पडलेली दिसली. तिसरा अजून वीट धरून आहे. दुसऱ्याचा तुकडा मी गोजरबाईंच्या हातात दिला. त्यांनी उभा जन्म चातीवर लोकर कातली आहे. नखावरून दोरा ओढला आणि म्हणाल्या, "ह्यो मेलाय. पीळ तेवढा ऱ्हायलाय, आत काय न्हाय."

सोलापूरच्या पोराने तपासून कळवलं की दुसरा नायलॉन आहे आणि तिसरा पॉलिएस्टर. नायलॉन ताणाला जबर असतो, पण सततचं ऊन त्याला आतून खातं. पॉलिएस्टर उन्हाला बराच काळ दाद देत नाही.

म्हणजे तू नायलॉन आणलास, सोनबा. सात वर्षं तंबू शिवलेल्या माणसाला हा फरक ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मी वाद उकरून काढत नाही. पण निमगाव केतकीचा तो बाजार मी विसरू शकत नाही. शहाण्णवचा मे महिना होता. मंडळाने शिवलेली चाळीसेक दुकानांची कापडी पालं बाजारात उभी होती. दुपारी वावटळ आली आणि एका ओळीत, एकामागून एक, सगळी पालं शिवणीवर उलगडली. कापड कुठे फाटलं नव्हतं. नुसती शिवण मोकळी झाली, शेंग उकलते तशी. भिमा मिरचीवाल्याचं पाल दोन पट्ट्या होऊन उडालं आणि त्याची लाल पूड अख्ख्या बाजाराच्या डोळ्यांत गेली. दहा बायका तिथे उभ्या होत्या. त्यांच्या हातचं काम लोकांच्या देखत उसवत होतं. त्या संध्याकाळी मी माईक हातात घेऊन तुझ्यावर बोललो ते त्यांच्यासाठी बोललो.

एवढंच. दोऱ्याचं कळव.

सावळाराम

&nbsp;

शेळगाव, १८ मार्च १९९८

सोनबा,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्ही वेळा वाचून पाहिलं तर ते भाषण झालं होतं.

परवा गोजरबाईंनी निरोप धाडला, म्हणून त्यांच्या ओट्यावर गेलो. मंडळाच्या बायका जमल्या होत्या. दादासाहेबांचं काम घ्यायचं की नाही याचा निकाल करायचा होता. मी पॉलिएस्टरचं सांगितलं, विटांचं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग गोजरबाई म्हणाल्या, "दोरा सोनबा निवडंल. त्यो आल्याबिगर आमी मशिनीला पाय लावणार न्हाय."

मी म्हणालो, "मागचा दोरा त्यानेच आणला होता."

"व्हय. आणला हुता. आणि मशिनीची सुई तुटली तरी रातीत येऊन त्योच बसवून जायचा. तुमी काय बसवलं?"

वेळ काढायला म्हणून मी शेजारीच गोधडीखाली ठेवलेल्या तुझ्या मशिनीचा खण उघडला. आत तू आणलेल्या दोऱ्याची शेवटची गुंडाळी होती, कागदाच्या घडीवर केलेली. हा दोरा आता टाकूनच द्यावा, कुणाच्या हाती लागून पुन्हा वापरला जायला नको, म्हणून तिथेच बसून उलगडायला लागलो. बायकांचं बोलणं चालू होतं. दोरा संपला आणि हातात कागद राहिला.

अक्षर माझं होतं.

'रा. रा. दुकानदार यांस. पत्रवाहक श्री. सोनबा हे आमच्या मंडळाचे आहेत. यांच्याजवळ बाहेर उघड्यावर वापरण्याजोगा नायलॉनचा पक्का दोरा द्यावा. अन्य काही देऊ नये. सावळाराम, मुख्याध्यापक (निवृत्त).'

'अन्य काही देऊ नये' या चार शब्दांखाली रेघ आहे. रेघ मारायची मला सवय आहे.

मी हे लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, एवढं मात्र मान. पण ते कसं लिहिलं गेलं असेल ते मला कळतं. पहिल्या वर्षी सुती दोरा वापरावा हा माझा हट्ट होता. आपला कापूस, आपलं सूत, आपला माणूस, असं मी बैठकीत तासभर बोललो होतो. पावसाळ्यात शिवणी कुजल्या तेव्हा मला माघार घ्यावी लागली. ती मी रागाने घेतली. आणा मग तुमचं ते नायलॉन, असं म्हणालो. तेव्हा माझ्या लेखी गिरणीत रसायनातून निघणारं सगळं एकच होतं. ज्या वस्तूचा मला तिटकारा होता तिचं नीट नाव विचारण्याचाही मी कंटाळा केला.

पण दुकानदाराने तरी विचारायला नको होतं का? बाहेर वापरायला पाहिजे असं मी स्पष्ट लिहिलं होतं. त्याला धंदा कळत असेल तर त्याने सांगायला हवं होतं. आणि तू? तुला तर माहीत होतं. तू त्या दिवशी बाजारात, मी बोलत असताना, समोरच उभा होतास. ही चिठ्ठी काढून दाखवली असतीस तर मी तिथल्या तिथे गप्प झालो असतो.

पुन्हा भाषणाकडे निघालो आहे. थांबतो.

चूक माझी होती. मला माफ कर आणि ये. बायका वाट बघत आहेत.

सावळाराम

&nbsp;

शेळगाव, ६ एप्रिल १९९८

सोनबा,

तुझं पत्र पोचलं. ते इथे जसंच्या तसं उतरवून काढतो. ते मी किती वेळा वाचलं हे तुला कळावं, एवढ्याचसाठी.

'तात्या, पत्र मिळालं. दुकानात मी इचारलं हुतं, नायलॉन का पॉलिस्टर. मालक म्हणला चिठीत काय हाय. मी चिठी दावली. पयल्या वर्षी सुती नगं म्हणलो तवा तुमी भर बैठकीत मला कंपन्यांचा वकील म्हणलात. दुसऱ्यांदा वकिली करायची ताकद नव्हती. ती चूक माझी. बाजारात चिठी खिशात हुती, मागनं उरला दोरा तिच्यावरच गुंडाळून ठिवला. पण तुमी मला बाराखडी शिकवली, तुमचंच अक्षर तुमच्या म्होरं चार लोकांत कसं धरू. तुमी बोलला माईकवर. माफी आली डिंकानं चिकटवून. हितं ती म्या एकट्यानं वाचली. स्वरूपाला पाणी भरताना अजून गावाकडची माणसं भेटली की दगादोऱ्याची बायको म्हणत्यात. सोनबा.'

शुद्धलेखनाच्या दहाबारा चुका आहेत आणि एकही शब्द चुकीचा नाही. माझ्या चिठ्ठीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दगादोरा. तो शब्द मीच दिला. 'मंडळींनो, हा दोरा नव्हे, हा दगा आहे.' हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं, म्हणून मी ते तीनदा म्हटलं. टाळ्या आल्या. तुला मी दुकानदाराच्या एका चहाला विकला गेलेला माणूस म्हटलं, त्याला काहीही पुरावा नव्हता. वाक्याला तिथे काहीतरी हवं होतं. मग शाळेतून सुटणारी पोरं तुझ्या मागून तो शब्द ओरडत जायला लागली. मी ते ऐकत होतो. ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेलो असायचो आणि पान उलटायचो. पोरांना गप्प करणं माझ्या एका हाकेचं काम होतं, चाळीस वर्षं तेच केलं. तुझं बिऱ्हाड बारामतीला हललं त्या सकाळीही मी घरातच होतो. टेम्पो ओट्यासमोरून गेला तेव्हा खिडकीत आलो नाही.

चाळीस वर्षं अन्यायाविरुद्ध बोललो. सावकारावर बोललो, तलाठ्यावर बोललो, ज्यांनी शेळ्यामेंढ्यांची कुरणं बळकावली त्यांच्यावर बोललो. त्यातलं बहुतेक खरं होतं, ते मी आजही पुन्हा बोलेन. पण सवय अशी लागली की समोर गर्दी आणि हातात माईक असला की कुणीतरी दोषी लागायचंच. त्या दिवशी दुसरं कुणी सापडलं नाही.

मी फार थकलो आहे, सोनबा. वयाने असेल, थोडं या सगळ्याने असेल. गोजरबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "पोरगं बरोबर बोललंय. बाजार कुठं पळून गेलाय?"

पुढचा बाजार आठवड्याने आहे.

सावळाराम

&nbsp;

निमगाव केतकी, १३ एप्रिल १९९८
(कार्ड पहिलं. एकूण चार आहेत, क्रमाने लाव.)

सोनबा,

पाकीट मुद्दामच घेतलं नाही. ही कार्डं इथला टपालवाला वाचेल, बारामतीचा वाचेल, तू काम करतोस त्या दुकानाचा मालक तुझ्या हातात देण्याआधी वाचेल. वाचू दे.

बाजारातून थेट पोस्टात आलो आहे, इथल्याच बाकावर बसून लिहितो. रात्री भाषणाची तयारी केली होती, चार पानं. त्यात दोन ठिकाणी इतिहास होता. सकाळी एसटीत पुन्हा वाचली आणि खिशात ठेवून दिली. माईक हवा होता. तो आता मला कोण देणार? बाजारात एकच भोंगा होता, उंदराचं औषध विकणाऱ्याचा.

&nbsp;

(कार्ड दुसरं)

त्याला म्हटलं, मला दोन मिनिटं दे. तो म्हणाला, "मास्तर, तुमची दोन मिंटं म्हंजी माझा बाजार उठंल." तरी दिला.

मी नाव सांगितलं. चारदोन ओळखीच्यांनी सवयीने टाळी वाजवली. मग म्हणालो, "शहाण्णव साली इथली पालं उसवली. दोष सोनबाचा आहे असं मी याच बाजारात सांगितलं. ते खोटं होतं. दोरा माझ्या चिठ्ठीवरून आला. ही ती चिठ्ठी." आणि चिठ्ठी वाचली. 'अन्य काही देऊ नये' हेही वाचलं, खाली रेघ आहे हेही सांगितलं. पुढे काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोललो नसतो. भोंगा परत दिला. उंदीरवाला म्हणाला, "झालं?"

&nbsp;

(कार्ड तिसरं)

टाळी नाही. लोक कांदे निवडत होते, ते निवडत राहिले. भिमा मिरचीवाला मात्र उठून आला. चिठ्ठी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"म्हंजी सोनबाचं काय नव्हतं ह्यात?"

"काही नव्हतं."

"आन आमी दोन वर्सं त्याला दगादोरा म्हणतोय."

"माझ्यामुळे."

"मग आता कुणाला म्हणायचं?"

"मला म्हण."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "नगं वो, तुमी मास्तर."

"म्हण, भिमा. शब्द माझाच आहे."

तो मागे वळून शेजारच्या लसूणवालीला म्हणाला, "ऐकलं का गं, दगादोरा आता मास्तर हाय." ती हसली. दोन पालं सोडून आणखी कुणीतरी हसलं. मी पोस्टाकडे निघालो तोवर तो शब्द माझ्याही पुढे बाजाराच्या टोकाला पोचला होता. तुला तेव्हा कसं वाटलं असेल ते आज पहिल्यांदा कळलं. माझ्या बाबतीत निदान तो खरा आहे.

&nbsp;

(कार्ड चौथं)

गोजरबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. पोस्टाकडे येताना म्हणाल्या, "मास्तर, आज लवकर संपलं तुमचं. आसंच बोलत जावा." मग घरी जाऊन तुझ्या मशिनीवरची गोधडी काढून उन्हात टाकते म्हणाल्या. बाकीच्या दहा मशिनी अजून झाकलेल्याच आहेत. त्या तुझी वाट बघणार आहेत, मी सांगून उघडणार नाहीत.

तू यावंस असं मी म्हणत नाही. बारामतीत तुझं बस्तान बसलं असेल, स्वरूपाला तिथेच बरं वाटत असेल, तर राहा. पण दादासाहेबांच्या चाळीस छतांना दोरा कोणता, हे बायकांना तूच सांगायचं आहेस. जो ठरवशील तो पुण्याहून स्वतः आण, नाहीतर तुला हवा त्याला धाड. चिठ्ठी मी लिहिणार नाही.

पत्र्यावरचा तिसरा दोरा अजून वीट धरून आहे.

तुझा,
दगादोरा